ईएसबीएल पॉझिटिव्ह म्हणजे नेमकं काय? सेफॅलोस्पोरिन आणि जंतूंची विकरं

वेणूची_लेक
आईच्या लघवीचा कल्चर रिपोर्ट काल हातात आला. आई ६८ वर्षांची. वर्षभरात तिसऱ्यांदा जळजळ सुरू झाली. पहिल्या दोन वेळा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सेफिक्झिमच्या गोळ्या आणल्या, तीन दिवसांत बरं वाटलं की बंद केल्या. या वेळी गोळ्यांनी काडीचा फरक पडला नाही, म्हणून डॉक्टरांनी कल्चर करायला सांगितलं.

रिपोर्टात ई. कोलाय हा जंतू आहे आणि 'सेफ'ची अख्खी रांग आर, म्हणजे औषध लागू पडत नाही. सेफुरोक्झिम आर, सेफिक्झिम आर, सेफ्ट्रायाक्झोन आर, सेफेपिम आर. खाली ठळक अक्षरांत 'ईएसबीएल पॉझिटिव्ह'.

सेफ्ट्रायाक्झोन किंवा सेफेपिम आईने जन्मात घेतलेलं नाही. मग न घेतलेलं औषध निकामी कसं झालं? जंतू औषध खातात का? आणि सेफोपेराझोन-सल्बॅक्टमपुढे मात्र एस, म्हणजे लागू पडतं असं लिहिलंय, ते पण सेफच ना? उपचार काय करायचा हे विचारत नाहीये, ते डॉक्टर बघतायत. मला हे समजून घ्यायचंय. कालपासून डोक्यात तेच चाललंय.

शंकासूर
आईंना लवकर बरं वाटो. आमच्या बाबांना 'सेफ' म्हणजे सुरक्षित असंच वाटायचं, म्हणून दुकानात जाऊन तेच मागायचे. जाणकारांच्या प्रतिसादांसाठी जागा धरून बसतो.

फणसपोळी
मी रत्नागिरीत जीवरसायनशास्त्र शिकवते. वर्गात सांगते तसंच सांगते.

फणस कापताना हाताला खोबरेल लावतो. का, तर चीक चिकटू नये म्हणून. चीक बसला की दिवसभर हात कामातून जातो. पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन, म्हणजे तुमच्या रिपोर्टातली 'सेफ'वाली औषधं, ही जंतूंसाठी चिकासारखी आहेत. जंतूभोवती एक भिंत असते आणि ती सतत विणली जात असते. विणणाऱ्या प्रथिनांना रोज जो धागा हाताळायचा असतो त्याच्या टोकाशी या औषधांचं साम्य आहे. प्रथिन फसतं आणि औषध हातात घेतं. औषधातलं चार अणूंचं ताणलेलं कडं, म्हणजे बीटा-लॅक्टम, उघडतं आणि प्रथिनाला पक्कं चिकटून बसतं. विणकाम थांबलं, भिंत कच्ची राहिली की जंतू फुटतो.

आता विकर, म्हणजे एन्झाइम. बीटा-लॅक्टमेझ हे विकर त्या विणकऱ्यांच्याच कुळातलं आहे. औषध त्यालाही तसंच चिकटतं. फरक एवढाच की त्याच्या खोबणीत पाण्याचा एक रेणू नेमक्या जागी तयार उभा असतो. तो येऊन जोड तोडतो, विकराचा हात मोकळा होतो आणि मोडलेलं औषध बाहेर पडतं. मग पुढचा रेणू. टेम-१ नावाचं विकर पेनिसिलिनचे रेणू सेकंदाला हजाराच्या घरात मोडतं. म्हणजे जंतू औषध खात नाहीत, त्यातून त्यांना पोषण मिळत नाही. ते फक्त मोडून टाकतात. तेल लावलेला हात.

तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिनं (सेफिक्झिम, सेफ्ट्रायाक्झोन, सेफोटॅक्झिम वगैरे) आली तेव्हा औषधाला एक अवजड बाजूची साखळी जोडली होती. डोक्यावर गवताचा भारा घेऊन माजघराच्या दारातून शिरता येत नाही, तसं ते टेम-१ च्या खोबणीत नीट बसेना. सेफोटॅक्झिम त्या विकरापुढे टिकलं ते यामुळे. पण १९८३ साली जर्मनीतून पहिली बातमी आली की क्लेब्सिएला नावाच्या जंतूमधल्या एका विकराने हे दारही रुंद केलंय. विकराच्या साखळीत २३८ क्रमांकाच्या जागी ग्लायसिन हे अमिनो आम्ल जाऊन सेरीन आलं होतं, एवढाच बदल. कक्षा रुंदावलेलं बीटा-लॅक्टमेझ म्हणजे ईएसबीएल ते हेच.

टिपकागद
फणसाचं उदाहरण एक नंबर! बारावीला 'विकर' हा शब्द पाठ केला होता, अर्थ आज कळला.

पेट्रीडिश
मिरजेत सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत १४ वर्षं काम करतोय. ताईंच्या रिपोर्टातली ती ठळक ओळ कशी येते ते सांगतो.

ताटलीत आगर, म्हणजे जंतू वाढवायची जेली, ओतलेलं असतं, त्यावर जंतूंचा पातळ थर पसरायचा. मधोमध क्लॅव्हुलॅनेट असलेली कागदी चकती, दोन्ही बाजूंना सेफोटॅक्झिम आणि सेफ्टाझिडिमच्या चकत्या. रात्रभर उबेला ठेवायचं. सकाळी चकतीभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ बघायचं. ईएसबीएल असेल तर सेफोटॅक्झिमभोवतीचं वर्तुळ लहान असतं, पण क्लॅव्हुलॅनेटच्या बाजूला ते ओढल्यासारखं होतं, काचेवरून पाण्याचा थेंब ओघळावा तसं. कारण क्लॅव्हुलॅनेट विकराला अडकवून ठेवतं, मग तेवढ्या पट्ट्यात सेफोटॅक्झिम शाबूत राहतं आणि जंतू मरतात. खात्रीसाठी एकटं सेफोटॅक्झिम आणि क्लॅव्हुलॅनेट घातलेलं सेफोटॅक्झिम अशा दोन चकत्या लावून मोजपट्टीने मोजतो. फरक ५ मिलिमीटर किंवा जास्त आला तर ईएसबीएल लिहायचं.

नवीन मुलं आली की मी त्यांना आधी नायट्रोसेफिन दाखवतो. हे पण सेफॅलोस्पोरिनच, पण रुग्णाला द्यायचं नाही. पिवळसर असतं. त्यावर बीटा-लॅक्टमेझ असलेले जंतू काडीने लावले की बघता बघता लाल होतं. कडं मोडलं की रंग बदलतो. फणसपोळीताई म्हणतात ती मोडतोड डोळ्यांना दिसते. दर वेळी बघतो, तरी अजून उभा राहून बघावंसं वाटतं.

वेणूची_लेक
फणसपोळी, पेट्रीडिश, खूप खूप आभार. आईला फणसाचं वाचून दाखवलं, ती म्हणाली "मग जंतूंना तेल मिळालं कुठून?" तोच माझा प्रश्न.

फणसपोळी
आईंचा प्रश्न फार बरोबर आहे. तेल आधीपासून होतं. युकॉनच्या गोठलेल्या जमिनीतल्या सुमारे ३०,००० वर्षांपूर्वीच्या गाळात बीटा-लॅक्टमेझची जनुकं सापडलीत, ते संशोधन २०११ साली आलं. बुरशी आणि जंतू यांचं हे भांडण माणसाच्या फार आधीचं आहे.

आपल्याकडे आज सर्वांत जास्त दिसतं ते सीटीएक्स-एम कुळ. सीटीएक्स म्हणजे सेफोटॅक्झिम, एम म्हणजे म्युनिक. क्लुयव्हेरा नावाच्या एका साध्या, फारशा उपद्रव न देणाऱ्या जंतूच्या गुणसूत्रात हे जनुक होतं. तिथून ते प्लाझ्मिडवर आलं. प्लाझ्मिड म्हणजे डीएनएची सुटी वेटोळी, एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारी. सीटीएक्स-एम-१५ हा प्रकार सर्वांत आधी नवी दिल्लीतल्या १९९९ च्या नमुन्यांतून वर्णिला गेला आणि नंतर जगभर पसरला.

म्हणून आईंनी सेफेपिम न घेताही तिथे आर आहे. एकच विकर सेफिक्झिम मोडतं, सेफ्ट्रायाक्झोन मोडतं, सेफेपिमही मोडतं. आतड्यात असे थोडे जंतू कुठून तरी आले असतील, पाण्यातून, जेवणातून. सेफिक्झिमने बाकीचे मारले, तेल लावलेले उरले.

काउंटरमागे
सातारा जिल्ह्यात माझं मेडिकल आहे. धागा वाचून राहवलं नाही.

१ मार्च २०१४ पासून तिसऱ्या आणि चौथ्या पिढीची सेफॅलोस्पोरिनं शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठी लागते, वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टर, रुग्ण, औषध, नग सगळं लिहायचं आणि ते तीन वर्षं ठेवायचं. माझं रजिस्टर कधीही बघा. पण संध्याकाळी सात वाजता गिऱ्हाईक येतं, "मागच्या वेळची ती पांढरी गोळी द्या, सहाच द्या." नाही म्हटलं की पुढच्या दुकानात. लोकांना वाटतं हा अडवतो. वेणूची_लेक ताई, तुमच्यावर राग नाही, पण ज्यांनी तुम्हाला चिठ्ठीशिवाय दिलं त्यांनी चुकीचंच केलं. आणि मागणाऱ्यांचं पण चुकलं, हे बोलायलाच हवं.

वेणूची_लेक
मान्य. आमचं चुकलंच. दुकानदारावर ढकलून मी मोकळी होणार नाही.

कडवीजिरं
+१ काउंटरमागे. आणि गोळ्या अर्धवट सोडल्यामुळेच हे होतं. कोर्स पूर्ण करा, कोर्स पूर्ण करा असं डॉक्टर घसा फोडून सांगतात.

कडूकारलं
कडवीजिरं, इथे थोडा असहमत. मी फिजिशियन आहे, नागपूरला. क्षयरोगात अर्धवट औषध घातकच, त्यात वाद नाही. पण ई. कोलायच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे. औषध जितके दिवस पोटात, तितके दिवस आतड्यातल्या कोट्यवधी जंतूंमधून तेल लावलेल्यांची निवड चालू. रक्तातल्या संसर्गासाठी ७ दिवस विरुद्ध १४ दिवस अशी मोठी चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली, ३,६०८ रुग्ण होते. ७ दिवस कमी पडले नाहीत. म्हणजे चूक तीन दिवसांत थांबवण्यात होती त्याहून मोठी चूक कारण नसताना, तपासणी न करता सुरू करण्यात होती. मात्र किती दिवस घ्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवायचं, स्वतः नाही. हे वाचून कुणी गोळ्या मधेच सोडू नका, हात जोडतो.

कडवीजिरं
हे नवीन होतं मला. पटायला वेळ लागेल, पण वाचतो.

गोठा_आणि_गव्हाण
मी डॉक्टर नाही, दूधवाला आहे. कोल्हापूरकडे आमच्या १२ म्हशी. दगडी झाली, म्हणजे कासदाह, की सडात ट्यूब सोडतात, कधी सेफ्ट्रायाक्झोनचं इंजेक्शन देतात. माणसाचंच औषध. डॉक्टर सांगतात इतके दिवस दूध डेअरीला घालू नका. सगळेच पाळतात असं नाही.

आमच्या आईला मात्र फसवता येत नाही. औषधातलं दूध चुकून घरात आलं की तिचं दही लागत नाही. सकाळी भांडं हलवून बघते, दूध तसंच पातळ. "कुठल्या म्हशीचं रे हे?" पहिला प्रश्न. विरजणातले जंतू औषधाने मेले, म्हणून दही नाही. आमच्या घरची लॅब तीच.

पेट्रीडिश
गोठा, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. चकती लावून आम्ही करतो तेच त्या विरजण लावून करतायत. औषध आहे का, एवढंच त्यांना कळतं, कोणतं ते नाही, पण पहिला इशारा तोच.

टिपकागद
अवांतर: उन्हाळ्यात माझंही दही लागत नाही, त्याला कोणती लॅब?

गोठा_आणि_गव्हाण
दूध फार गरम असताना विरजण घालत असाल. बोट बुडवून सोसवेल इतपत निवू द्या.

थेम्सकाठी
मी लंडनजवळ नर्स आहे, मूळची डोंबिवलीची. इथे भारतातून आलेला रुग्ण दाखल झाला की आधी शी-चा नमुना घेतात, एनडीएम शोधायला. एनडीएम म्हणजे न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेझ. २००८ मध्ये स्वीडनमधल्या एका भारतीय वंशाच्या रुग्णात सापडलं, तो आधी दिल्लीत उपचार घेऊन आला होता. नावावरून २०१० मध्ये आपल्याकडे केवढा गदारोळ झाला होता. मला आजही वॉर्डात ते नाव मोठ्याने घेताना वाईट वाटतं. म्युनिकचं नुसतं 'एम' झालं, दिल्लीचं मात्र अख्खं नाव.

फणसपोळी
नावाचं दुःख समजते. पण त्याच वर्षी मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या लोकांनी स्वतःहून प्रसिद्ध केलं होतं की आमच्याकडेही एनडीएम सापडतंय. मला त्याचा अभिमान वाटतो.

आणि हे विकर वेगळ्याच घराण्याचं. वर मी सांगितलेलं हात चिकटणं इथे होतच नाही. याच्या खोबणीत जस्ताचे दोन अणू बसलेले, ते पाण्याला धार देऊन थेट कडं कापतात. हात न लावता. म्हणून क्लॅव्हुलॅनेट, सल्बॅक्टम, अगदी अविबॅक्टम, ही विकरं अडवणारी औषधंसुद्धा त्याला अडवू शकत नाहीत. मेरोपेनेम हे गंभीर रुग्णांना द्यायचं बीटा-लॅक्टम औषधही मोडतं. अझट्रिओनाम हे याच जातीचं एक औषध तेवढं त्याच्या तावडीतून सुटतं. पण एनडीएमवाल्या जंतूकडे बहुधा ईएसबीएलही असतंच आणि ते अझट्रिओनाम मोडतं, म्हणून त्याला अविबॅक्टमची जोड देतात.

शंकासूर
एक मागे राहिलं. सेफोपेराझोन-सल्बॅक्टमपुढे एस का? आणि एस असेल तर द्यायचं का नाही?

कडूकारलं
सल्बॅक्टम हे ओढणी अडकावी तशा खिळ्यासारखं. विकर त्याच्यात गुंतून पडतं, तेवढ्या वेळात सेफोपेराझोन काम करतं. ताटलीवर जंतू मोजके असतात, तिथे हे जमतं. गळूत किंवा रक्तात जंतू अफाट असतील तर विकरही अफाट, सल्बॅक्टम पुरत नाही. २०१८ ची मेरिनो चाचणी आम्हा सगळ्यांना हलवून गेली. सेफ्ट्रायाक्झोनला दाद न देणाऱ्या ई. कोलाय आणि क्लेब्सिएलाचा रक्तातला संसर्ग. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ही औषध आणि अडवणाऱ्याची अशीच जोडी घेतलेल्यांत ३० दिवसांत १२.३ टक्के मृत्यू, मेरोपेनेम घेतलेल्यांत ३.७ टक्के. औषध वेगळं होतं, पण अडवणूक त्याच जातीची. तेव्हापासून गंभीर रुग्णात रिपोर्टावरच्या त्या 'एस'वर मी विसंबत नाही.

अजून एक फसवं विकर सांगतो, अँपसी. एन्टेरोबॅक्टर या जंतूमध्ये ते गुणसूत्रातच असतं, एरवी झोपलेलं. रिपोर्टात सेफ्ट्रायाक्झोन एस, आपण सुरू करतो, रुग्णाचा ताप उतरतो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी परत चढतो. मधल्या काळात विकर कायमचं जागं असलेले मोजके जंतू निवडले गेलेले असतात. क्लॅव्हुलॅनेट त्याला दाबू शकत नाही, सेफेपिम मात्र बरंच टिकतं. माझ्या एका रुग्णात हे झालं तेव्हा मी नवखा होतो. पहिल्या रिपोर्टावर विश्वास ठेवून दोन दिवस घालवले. आजोबा वाचले, पण ते दोन दिवस मी विसरलेलो नाही.

टिपकागद
हे सेफॅलोस्पोरिन आलं कुठून मुळात?

फणसपोळी
गटारातून, अगदी खरं! सार्डिनिया बेटावर काल्यारी शहरात जुझेप्पे ब्रोत्झू हे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते. सांडपाणी समुद्राला मिळतं तिथे पोहूनही लोकांना विषमज्वर अपेक्षेपेक्षा कमी का होतो, हा त्यांचा प्रश्न. १९४५ मध्ये त्या पाण्यातून त्यांनी एक बुरशी मिळवली. पुढे ती ऑक्सफर्डला पाठवली, तिथे एडवर्ड अब्राहम आणि गाय न्यूटन यांनी सेफॅलोस्पोरिन सी वेगळं काढलं.

मला यातली एक गोष्ट फार आवडते. १९४० साली, पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोचायच्याही आधी, ते मोडणारं विकर अब्राहम आणि त्यांचे सहकारी चेन यांनीच नोंदवलं होतं. तोच अब्राहम दहा-बारा वर्षांनी असं औषध शोधतो की जे स्टॅफिलोकोकसच्या पेनिसिलिन मोडणाऱ्या विकरापुढे टिकतं. पहिलं सेफॅलोस्पोरिन १९६४ मध्ये बाजारात आलं.

वेरूळची_वाट
आपल्याकडच्या लोकांचं कामही सांगतो. एनमेटाझोबॅक्टम हा ईएसबीएल अडवणारा रेणू चेन्नईच्या ऑर्किड या औषध कंपनीत शोधला गेला. सेफेपिमसोबतच्या त्याच्या जोडीला २०२४ मध्ये अमेरिकेची मान्यता मिळाली. आणि वोखार्टचं झिडेबॅक्टम. त्यांचं संशोधन केंद्र आमच्या छत्रपती संभाजीनगरात. हा रेणू विकराला अडवतोच, शिवाय स्वतः विणकऱ्यांपैकी एकाला जाऊन चिकटतो, सेफेपिम दुसऱ्याला. विकर काहीही करो, विणकाम दोन्हीकडून थांबतं. मी त्या भागातून रोज जातो, दर वेळी बरं वाटतं.

थेम्सकाठी
सेफिडेरोकॉल विसरू नका. लोहाला धरून ठेवणारा भाग जोडलेलं सेफॅलोस्पोरिन. जंतूला लोह हवंच असतं, तो स्वतःच दार उघडून आत घेतो.

वेणूची_लेक
बारा दिवसांनी येतेय. डॉक्टरांनी सांगितलं की संसर्ग मूत्राशयापुरताच आहे, ताप नाही, पाठ दुखत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन एस होतं, किडनीचा रिपोर्टही चांगला, ते पाच दिवस दिलं. जळजळ गेली. सलाइन नाही, दाखल नाही. आई परवापासून वाड्यातल्या भजनाला जायला लागली.

तिचा शेवटचा प्रश्न: ते तेलवाले जंतू पोटात अजून आहेत का?

पेट्रीडिश
असू शकतात, त्रास न देता. नेदरलँड्सच्या प्रवाशांचा अभ्यास आहे, दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांपैकी ७५ टक्क्यांच्या पोटात ईएसबीएलवाले जंतू नव्याने आले होते. एकूण प्रवाशांत निम्म्यांचे महिन्याभरात गेले, सुमारे ११ टक्क्यांत वर्षानंतरही होते. आपण तर इथेच राहतो. मुद्दाम औषध देऊन ते घालवायचे नसतात. पण पुढे कधी ताप येऊन दाखल व्हावं लागलं तर हा रिपोर्ट पहिल्या तासात डॉक्टरांच्या हातात पडला पाहिजे. म्हणजे सेफ्ट्रायाक्झोनवर वेळ जाणार नाही.

वेणूची_लेक
सांगितलं तिला. तिने रिपोर्टाची घडी घालून आधार कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली. वर पेनने लिहिलंय, 'सेफ नको, आधी हे वाचा.'